बाईंनी काढलेला फ्यूज

लग्नाला कार्यालयात गेलं की बाई खुर्चीवर लगेच बसत नसत. आधी ती प्लॅस्टिकची खुर्ची उलटी करत, मागचा पाय अंगठ्याने दाबून बघत आणि स्वतःशीच विचारत, "मोडली तर कुठनं मोडेल?" उत्तर मिळालं की मग बसत. आसपासच्या बायका पदराआड हसत. एकदा नवऱ्या मुलाची आई लगबगीने पुढे आली नि म्हणाली, "अहो बाई, नव्या आहेत खुर्च्या." बाई म्हणाल्या, "नवी आहे म्हणून मोडली नाही अशी वस्तू मी अजून पाहिली नाही," आणि दुसरी खुर्ची ओढून घेतली. त्या पहिल्या खुर्चीवर मग दिवसभर कुणी बसलं नाही.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेलच. शिंपी लग्नात नवरीच्या ब्लाउजची शिवण बघतो, दातांचा डॉक्टर फोटोत हसणाऱ्या माणसांचे दात मोजतो. बाई मोडण्याची जागा बघत. आमच्याच गावातल्या एका तंत्रनिकेतनात त्यांनी जन्मभर स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स शिकवलं. लोखंड काय, लाकूड काय, किती सोसतं आणि कुठे येऊन सोसत नाही, याचं ते शास्त्र. यंत्र बनवायचं तर त्याची अक्षरओळख इथून सुरू होते. निवृत्त झाल्यावर मुलाने पुण्याला चला म्हणून पुष्कळ आग्रह केला. बाई गेल्या नाहीत. तिथल्या उंच इमारतींकडे बघून मला झोप येत नाही, म्हणाल्या.

आमच्या आळीत त्यांचं घर दोन घरं सोडून. माझे वडील एमआयडीसीत लहानसं वर्कशॉप चालवायचे. बागांची फाटकं, खिडक्यांचे गज, पाण्याच्या टाक्यांचे स्टँड अशी कामं. त्यांची डावी बाजू लुळी पडली आणि वर्कशॉप माझ्याकडे आलं. मी बी.कॉम. झालेली. गिऱ्हाईक यायचं, मला बघायचं आणि माझ्या खांद्यावरून आत नजर टाकून विचारायचं, "वडील कधी येतील?" ह्या प्रश्नाचा मला इतका संताप यायचा की मी ठरवलं, फाटकं पुरे झाली, आता यंत्रं बनवायची. पण फाटक पडलं तर फाटकच पडतं. यंत्र मोडलं तर कुणाचा तरी हात त्यात असतो. म्हणून मी बाईंकडे गेले.

"मला मशीन डिझाइन शिकायचंय," मी म्हटलं.

"आधी मोडायला शीक," बाई म्हणाल्या. "उद्यापासून ये. येताना काहीतरी मोडकं घेऊन ये."

मी फाटकाची तुटकी बिजागरी घेऊन गेले. त्यांनी ती उजेडात धरली, तुटलेल्या पिनेवरून बोट फिरवलं आणि पाठीमागच्या फळीवरचा अडकित्ता काढून माझ्यासमोर एक सुपारी कातरली. "ही ओढली का? नाही. दाबली का? तीही नाही. दोन पाती दोन बाजूंनी सरकली नि मधली सुपारी गेली. तुझी पिन अशीच गेल्ये." माझी शिकवणी अशी सुरू झाली. बाईंच्या पडवीत फळा नव्हता, पण पर्समध्ये खडू मात्र कायम असायचा. बाजारात पैसे काढताना आधी खडूच हाताला यायचा.

अंगण ओलं होतं तेव्हा मी टाचांच्या सँडल घालून गेले आणि दोन ठिकाणी रुतले. बाई पायरीवरून बघत होत्या. "वजनाने भारी कोण? मी. रुतलं कोण? तू. भार किती हे विचारत बसू नको, तो केवढ्या जागेवर टेकलाय ते विचार. ह्यालाच स्ट्रेस म्हणतात." दुसऱ्या दिवशी मी सपाट चपला घालून गेले, तर म्हणाल्या, "बघ, विद्या पायापर्यंत पोचली."

कापडाच्या दुकानात त्यांनी मला एकदा मुद्दाम नेलं. दुकानदार कापडाला कात्रीने जरा चीर देतो आणि मग सरकन फाडतो, ते बघायला. "चीर नसती तर फाडायला चार माणसं लागली असती. सगळा ताण त्या चिरेच्या टोकाशी गर्दी करतो. म्हणून लोखंडात टोकदार कोपरा ठेवायचा नाही. जाडाचं बारीक करायचं झालं तर कोपरा गोल करायचा." दुकानदार विचारत होता, ब्लाउजपीस किती देऊ. बाईंनी काही न घेता त्याचे आभार मानले.

बादलीची तुटकी कडी त्यांनी माझ्या हातात दिली. "एका झटक्यात मोड." मोडेना. "आता वाकव, सरळ कर, वाकव, सरळ कर." थोड्याच वेळात ती कट्कन तुटली, आणि तुटलेलं टोक बोटाला चटका लागावा इतकं तापलं होतं. बाई म्हणाल्या, "थकली ती. माणूस थकला की बसतो, कुरकुरतो. लोखंड बसत नाही. एक दिवस न सांगता जातं."

आणि तो काट्याचा प्रयोग. कांद्याची पिशवी त्यांनी आधी स्प्रिंगच्या तराजूला हळूच लावली. काटा आपला सावकाश जाऊन थांबला. मग तीच पिशवी हुकाला लावून हाताने तोलून धरली आणि एकदम सोडली. काटा दुपटीवर जाऊन परत आला. "कांदे तेच. पण एकदम सोडलेस की यंत्राला ते दुप्पट लागतात. हिशेबाच्या बाहेर लोक कसे वागतात, त्यासाठी जागा सोडून ठेवायची. फॅक्टर ऑफ सेफ्टी म्हणजे दुसरं काय? आपल्याला जे माहीत नाही त्याची खोली. ती नेहमी लहानच पडते."

हे सगळं मी हसत हसत शिकले. खरं सांगते, एवढं हसत मी कॉलेजात काहीच शिकले नव्हते.

मग नाटे गावाजवळच्या एका वाडीतून माणसं आली. मासेमारीच्या बोटी मोसम संपला की वाळूच्या पुळणीवरून वर ओढून ठेवायच्या असतात. पूर्वी सगळी वाडी दोराला लागायची. आता निम्मे पुरुष मुंबईला, बोटीवरचे खलाशी बाहेरगावचे, तेही मे महिन्यात घरी जातात. हात कमी पडू लागले, म्हणून त्यांना विंच हवा होता. मोटर, तिच्यामुळे फिरणारा लोखंडी ढोल, ढोलाला गुंडाळली जाणारी तारेची दोरी, आणि ढोलाच्या पोटातून जाणारा शाफ्ट, ज्याच्यावर सगळा भार. वाडीचा म्होरक्या धाकू नाखवा. बोलायला कमी, पण एकदा बोलला की वाडी ऐकायची. त्याने माझ्या खांद्यावरून आत बघितलं नाही. "ताय, तुमी करून देताव ना?" एवढंच विचारलं. त्याच्यासाठी मी जीव ओतून काम केलं.

शाफ्टचा हिशेब मी केला, बाईंनी तपासला. त्यांनी शाफ्ट आणखी जाड करायला लावला, जिथे तो बेअरिंगपाशी बारीक होतो त्या पायरीचा कोपरा गोल करायला लावला, पुन्हा सगळं वाचलं आणि म्हणाल्या, "हं. कर." बाईंचं 'हं' मिळणं म्हणजे काय, ते त्यांच्या विद्यार्थ्यांनाच विचारा. विंच बसला, दोन मोसम उत्तम चालला. दुसऱ्या वाड्यांतून फोन येऊ लागले. वडिलांना मी विंचचा फोटो दाखवला, तर त्यांनी उजव्या हाताने माझ्या डोक्यावर टपली मारली.

तिसऱ्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस वादळाची सूचना आली. बंदरांवर धोक्याचा बावटा चढला. सकाळी धाकू नाखव्याचा फोन आला. "ताय, विंच टकटक आवाज करतोय. काम चालू हाय, पन आवाज बरा नाय." मी टेंपो काढला आणि जाता जाता बाईंना सांगायला थांबले. त्या अंगणात वाळत घातलेली आंबोशी गोळा करत होत्या. आवाजाचं ऐकलं आणि ताट तसंच ठेवून, दुखऱ्या गुडघ्यांनिशी टेंपोत चढल्या. पावस गेलं, पूर्णगड गेलं. मी विचारलं, "बेअरिंगच असेल ना?" त्या म्हणाल्या, "बघितल्याशिवाय कसं सांगू?"

पुळणीवर सगळी वाडी जमली होती. बऱ्याच बोटी वर येऊन बसल्या होत्या, एक अर्ध्यावर होती. समुद्राचा रंग बदलला होता आणि वारा मधेच यायचा, मधेच पडायचा. आम्ही उतरलो आणि बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्यांनी विंचकडे बघितलंच नाही. त्या माणसांकडे बघत होत्या.

एकजण "होऽऽ" म्हणून हाळी देत होता आणि सगळे "हैस्सा" म्हणत होते. त्या हैस्साबरोबर बटणावरचा गडी विंच चालू करी आणि लगेच बंद करी. दोरी सैल पडे, पुन्हा हाळी, पुन्हा हैस्सा, पुन्हा झटका. हाताने ओढायच्या काळात वाडीने बोटी अशाच ओढल्या होत्या. वाळूत रुतलेली बोट हिसक्याशिवाय सुटत नाही, हे पिढ्यान्पिढ्या हातांना ठाऊक. हातांची जागा मोटरने घेतली, पण हाळी तीच राहिली. कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. दिसावं तरी का?

"दोन वर्षं अशीच ओढता?" बाईंनी धाकू नाखव्याला विचारलं.

"मंग कशी ओढायची?" तो म्हणाला.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "मी हे विचारलंच नाही," त्या म्हणाल्या. "भार विचारला, उतार विचारला. ओढता कसे ते विचारलं नाही." त्यांचा चेहरा असा पडलेला मी आधी कधी पाहिला नव्हता.

अर्ध्यावरची बोट त्यांनी न थांबता, सावकाश वर घ्यायला लावली आणि मग विंच थांबवला. आता पाण्यात एकच बोट उरली होती, सगळ्यांत मोठी. ती धाकू नाखव्याची. म्होरक्याने आधी सगळ्यांच्या बोटी काढायच्या, आपली शेवटी, अशी त्या वाडीची रीत.

आउटबोर्ड इंजिनासाठी ठेवलेलं रॉकेल बाईंनी मागून घेतलं. शाफ्टच्या त्या पायरीवर फडक्याने चोळलं, जरा वेळ जाऊ दिला, कोरड्या फडक्याने लख्ख पुसलं. मग पर्समधला खडू काढून त्याची पूड त्या जागी फुंकली. आम्ही दोघी वाकून बघत राहिलो. भोवती माणसं गोळा झाली. लोखंडाला भेग असेल तर तिच्यात शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि खडूची पूड ओली करतं. पांढऱ्या पुडीवर केसासारखी एक काळपट रेघ उमटली. ती पायरीच्या कोपऱ्याला धरून वळत गेली होती.

बाई उठल्या, खांबावरच्या बोर्डापाशी गेल्या, पांढऱ्या चिनी मातीचा फ्यूज ओढून काढला, पर्समध्ये टाकला आणि चेन लावली.

"बाय, तां परत लावा," धाकू नाखवा म्हणाला.

"नाही."

"येवड्या बोटी निघाल्या. माजीच उरली."

"दिसत्ये मला."

"आमी हिसका नाय देत. तुमी सांगाल तसां हळू घेताव."

"बोट वर येताना मागे अडसराचे ओंडके कोण घालतं?" बाईंनी विचारलं.

"माजो भाव. गणू. आनि हे दोगे."

गणू पुढे उभा होता, ओंडका खांद्यावर घेऊन. हसऱ्या तोंडाचा, तीन पोरींचा बाप. मला बघितलं की हटकून ओले काजूगर बांधून द्यायचा.

"शाफ्ट तुटला तर बोट उतारावरून मागे येईल," बाई म्हणाल्या. "गणू पळून पळून कुठे पळेल?"

"पन तुटंलच कशावरनं?" मागून कुणीतरी ओरडलं.

"भेग दिसत्ये. ती किती आत गेल्ये, ते दिसत नाही. जे मला दिसत नाही, त्याच्या भरवशावर मी माणसं उभी करणार नाही."

तेव्हा धाकू नाखवा एक पाऊल पुढे आला. आवाज चढवला नाही त्याने. "बाय, तुमचां काय जातां?"

मला वाटलं, आता बाई काहीतरी फाडकन बोलतील. वर्गात बोलायच्या तशा. त्या म्हणाल्या, "माझं काही जात नाही. जातंय ते तुमचंच. हिशेब मी तपासला होता, चूक माझीही आहे. पण एका चुकीवर दुसरी नको."

एवढ्या माणसांपुढे त्या एकट्या, पर्स छातीशी धरलेली, वाऱ्याने पदर फडफडतोय. कुणी मनात आणलं असतं तर ती पर्स हिसकायला क्षणही लागला नसता. मला बाईंचा राग आला आणि त्यांच्यासाठी भीतीही वाटली, दोन्ही एकदम. धाकू नाखवा वळून म्हणाला, "दोर आना."

जुना काथ्याचा दोर आला. म्हातारे, बायका, मी, सगळे लागलो. बाईही लागल्या, गुडघ्यांना न जुमानता. हाळी झाली, हैस्सा झालं. बोट हलली, थोडी वर आली, आणि वाळूत अशी रुतून बसली की हलायचं नाव घेईना. माझे तळवे सोलून निघाले. भरती चढत गेली आणि अंधार पडायच्या आत तिला पुन्हा पाण्यात घेऊन जादा नांगर टाकून ठेवण्यापलीकडे काही उरलं नाही. परतताना टेंपोत बाई डोळे मिटून बसल्या होत्या. झोपल्या नव्हत्या.

वादळ आलं नि गेलं. नांगर तुटले आणि धाकू नाखव्याची बोट खडपाच्या कातळावर आपटून फुटली. वर काढलेल्या बोटींना ओरखडा नाही.

माणसं मेली नाहीत, पण न मेलेल्या माणसांची कुणी बातमी करत नाही. फुटलेली बोट मात्र सगळ्यांना दिसत होती. वाडी म्हणू लागली, इतक्या बोटी काढल्या त्या विंचने, एक काय जड होती? बाईमाणसांनी यंत्रात हात घातला की असंच होणार. दुसऱ्या वाड्यांचे फोन बंद झाले. धाकू नाखवा काही बोलला नाही. तो आमच्याशीच नव्हे, कुणाशीच बोलेना, असं कानावर आलं.

बाईंनी मला तो शाफ्ट काढून आणायला लावला. वर्कशॉपमध्ये प्रेसखाली धरून, त्या भेगेवरच, मी तो मोडला. दोन तुकडे झाले. बाईंनी एक तुकडा दारापाशी उजेडात नेला. भेग गेलेला भाग काळपट, तेलकट होता आणि त्यावर बारीक बारीक रेघा होत्या, ओहोटी मागे हटताना वाळूवर सोडते तशा. प्रत्येक रेघ म्हणजे भेग जरा पुढे सरकली. बाकीचा भाग चकचकीत, दाणेदार, आत्ताच मोडलेला. काळा भाग केवढा होता? बोटाच्या नखावर चंद्रकोर असते ना, तेवढा. त्याहून जास्त नाही.

बाईंनी स्टुलावर बसून हिशेब केला. पुन्हा केला. मग पेन बंद करून म्हणाल्या, "निघाली असती."

"काय?"

"त्याची बोट. हळू ओढली असती तर निघाली असती. अजून काही बोटीही निघाल्या असत्या. मग कधीतरी तुटला असता."

मी शटर खाली ओढलं. कुणी ऐकत नव्हतं, तरी ओढलं. "बाई, हे आपल्या दोघींतच राहू दे. विचारलंय कोणी? लोक आधीच बोलतायत. आता आपणच पुरावा नेऊन द्यायचा? वर्कशॉप बंद पडेल माझं."

"पडेल कदाचित," बाई म्हणाल्या. त्यांनी माझ्या सोललेल्या तळव्यावर आपला हात ठेवला. "पण विचारलं नाही कसं? तो रोज विचारत असेल. रात्री उठून विचारत असेल. उत्तर माझ्याजवळ आहे आणि मी ते ठेवून घेऊ? तू येऊ नको. मी एसटीने जाईन."

त्या गुडघ्यांनी त्या एसटीने जाणार होत्या. मी टेंपोची किल्ली उचलली. मनातून मी चिडलेली होते आणि घाबरलेलीही. वाटेत मी त्यांना शंभरदा समजावलं. त्या मांडीवर तो तुकडा फडक्यात गुंडाळून बसल्या होत्या आणि "हं, हं" करत होत्या. ते त्यांचं पसंतीचं 'हं' नव्हतं.

धाकू नाखवा ओट्यावर जाळं विणत बसला होता. दुसऱ्याचं जाळं. आम्हाला बघून उठला नाही. गणू आतून बाहेर आला आणि दाराशी थांबला. बाई विचारल्याशिवाय ओट्याच्या कडेला बसल्या, फडकं सोडलं आणि तुकडा त्याच्यासमोर ठेवला.

"हे काळं आहे ना, तेवढीच भेग होती," बाई म्हणाल्या. "मी हिशेब केला. तुमची बोट निघाली असती."

धाकू नाखव्याने तुकडा उचलला. अंगठा त्या काळ्या चंद्रकोरीवरून फिरवला, पुन्हा फिरवला. मी दाराकडे, मग टेंपोकडे बघितलं.

"मंग तुमी सांगाया कशाला आलाव?" त्याने विचारलं.

"तुमची बोट माझ्यामुळे गेली. ते तुम्हाला माझ्या तोंडून कळावं म्हणून."

"आनि तवा तुमाला ह्या म्हायती असतां, तर?"

"माहीत असतं तर फ्यूज काढला नसता. माहीत नव्हतं, म्हणून काढला. उद्या पुन्हा असं झालं तर पुन्हा काढीन."

धाकू नाखव्याने मान वर केली. त्याने बाईंकडे बघितलं नाही. दारात उभ्या असलेल्या गणूकडे बघितलं. मग तुकडा ओट्यावर ठेवला आणि जाळं पुन्हा हातात घेतलं. गणूच्या बायकोने पाणी आणून दिलं. बाई ते सगळं प्यायल्या. आम्ही निघालो, तेव्हा कुणी थांबा म्हटलं नाही आणि कुणी जा म्हटलं नाही. पूर्णगडच्या खाडीपाशी बाईंनी टेंपो थांबवायला सांगितला, खिडकीकडे तोंड केलं आणि रडल्या. मी त्यांना शिक्षिका म्हणून ओळखत होते. रडणारं माणूस म्हणून त्या मला त्या दिवशी कळल्या, आणि तेव्हापासून जास्तच आवडायला लागल्या.

विंचला नवा शाफ्ट मी बसवून दिला. बटणाच्या जागी बाईंनी असा स्विच लावायला सांगितला की विंच हळूहळूच वेग घेईल, कितीही हाळ्या दिल्या तरी. हे झालं आणि माघ महिन्यात बाई गेल्या. दोन दिवसांचा ताप, तिसऱ्या दिवशी नाहीत. मुलगा पुण्याहून आला, घर बंद करून गेला. संध्याकाळी वर्कशॉपमधून येताना माझी पावलं अजून त्या फाटकापाशी मंदावतात. मग आठवतं.

मे महिन्यात धाकू नाखव्याचा फोन आला. वर्षभरात पहिल्यांदा.

"ताय, बोटी काढायच्या हायत. बायना घेऊन या. त्यांनी बगल्याबिगर बटन दाबायचां नाय, असां ठरवलंय आमी."

मी त्याला सांगितलं.

"मंग आता कोन बगनार?" त्याने विचारलं.

"मी येते," मी म्हटलं.

गेले तेव्हा सगळी वाडी उतार सोडून बाजूला उभी होती. रांगेत शेवटी धाकू नाखव्याची नवी बोट, पहिलीपेक्षा लहान, कर्ज काढून घेतलेली. हाळी देणारा गप्प होता. मी रॉकेल चोळलं, पुसलं, पूड फुंकली आणि वाकून बघत राहिले. रेघ उमटली नाही. आणखी थांबले, तरी उमटली नाही. धाकू नाखवा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. तो वाट बघत होता. बाई 'नाही' म्हणाल्या होत्या ते मला त्या दिवशी फार कठीण वाटलं होतं. 'हो' म्हणायला काय लागतं, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

"ओढा," मी म्हटलं.

गणू ओंडका खांद्यावर घेऊन बोटीच्या मागे गेला. ढोल फिरू लागला, दोरी ताणली गेली. शाफ्टकडे माझं लक्ष नव्हतं. बोट वर येईपर्यंत मी फक्त गणूकडे बघत होते.